आशाताई, थँक्यू! (आईंकडून पण)

ताई, समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं माझं कामच आहे ते" म्हणून विषय संपवता, म्हणून लिहूनच टाकते.

आशा सेविका म्हणून घणसोलीला आमच्या घरी तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मला पाचवा लागलेला, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) ९.४. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, बायकांचं रक्त कमीच असतं म्हणे. मला वाटलं आता लेक्चर, पण तुम्ही सरळ किचनमध्ये आईंजवळ, म्हणजे माझ्या सासूबाईंजवळ गेलात आणि विचारलंत, "मावशी, तुमच्याकडे चहा कितीदा होतो?"

आमच्याकडे गोळी म्हणजे चहाबरोबरच, आईंची बीपीची पण तशीच, मग लोहाची लाल गोळी तरी वेगळी कशाला. चहाने लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमची गोळी पण लोहाच्या गोळीसोबत नको, हे तुम्ही मला नाही, त्यांना समजावलंत. झालं! दुसऱ्या दिवसापासून आई घड्याळ बघून लिंबूपाणी आणि गोळी हातात द्यायला लागल्या. शी काळी होईल, घाबरू नका हे आधीच बोललात ते बरं झालं, नाहीतर आमच्याकडे गरोदरपणातल्या १८० गोळ्या काही संपल्या नसत्या.

पपईवरून तुम्ही वादच घातला नाहीत, "मग पेरू द्या तिला" म्हणालात. ह्यांनी आणलेल्या केशराची डबी बघून मात्र हसलात, बाळाचा रंग काही बदलत नाही हो, त्या पैशात अंडी आणा. (ह्यांचं तोंड बघण्यासारखं होतं!)

पण खरं थँक्यू वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. जास्त जेवली तर बाळ मोठं होतं, मग अडतं असं आई म्हणाल्या तेव्हा तुम्ही त्यांना खोडून न काढता विचारलंत, मावशी तुमच्या वेळी तुम्हाला काय मिळायचं खायला. आई गप्पच. मग म्हणाल्या, सगळ्यांचं झाल्यावर टोपात उरेल ते. हे त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं, आम्ही पण नाही. त्या रात्रीपासून माझं ताट पहिलं, लाल माठ, सुकट, भाकरी, वरून लिंबू.

नवव्यात एचबी ११.२ आलं आणि रिपोर्ट आईच सगळ्यांना दाखवत फिरल्या.

आता खालच्या मजल्यावरच्या वहिनींना तिसरा लागलाय. त्यांच्या सासूबाई जरा कडक आहेत, तिकडे जाल तेव्हा आईंना सोबत न्या, त्या कधीच्या तयार बसल्यात.