‘तू ठरव’ म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरात कुणी ‘तू ठरव, मला काहीही चालेल’ म्हणालं की ऐकायला फार समंजस वाटतं, पण त्या एका वाक्याने केवढं काम समोरच्याच्या गळ्यात पडतं यावर कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी बाबांचं ऑपरेशन करायचं की औषधांवर थांबायचं असा प्रश्न आला. धाकटा भाऊ आणि बहीण दोघंही फोनवर, ‘ताई तू तिथे आहेस, तू म्हणशील तसं.’ मी रात्र रात्र रिपोर्ट घेऊन बसले, दोन डॉक्टरांना विचारलं, दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या, शेवटी सही केली. नंतर बाबांना त्रास झाला, सावरायला चार महिने गेले, आणि मग तेच दोघं म्हणायला लागले की आम्हाला तेव्हाच वाटत होतं थांबावं. अरे मग तेव्हा बोलायचं ना!

त्यांच्यावर खूप चिडले होते. नंतर वाचलं की बरूक फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1975 सालीच हे दाखवून दिलंय, शेवट काय झाला ते एकदा कळलं की माणसाला तो आधीपासून दिसतच होता असं वाटायला लागतं, आणि ‘शेवट माहीत नाही असं समजून सांगा’ म्हटलं तरी ते डोक्यातून जात नाही. म्हणजे माझी भावंडं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण त्याची किंमत ज्याने सही केली त्यालाच मोजावी लागते.

दुसरं म्हणजे निर्णय म्हणजे फक्त हो की नाही एवढंच नसतं. ॲलिसन डॅमिंजर या अभ्यासकाने 35 जोडप्यांच्या मुलाखती घेऊन 2019 मध्ये लिहिलंय की घरच्या विचाराच्या कामाचे चार भाग असतात, काय लागणार ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि मग ते नीट होतंय ना यावर लक्ष ठेवणं. यातलं ठरवणं बऱ्यापैकी दोघं मिळून करतात, पण आधीचं ओळखणं आणि नंतरचं लक्ष ठेवणं जास्त करून बाईकडे! हे वाचून मी थांबलेच, कारण ‘आमच्याकडे सगळं दोघं मिळून ठरवतो’ असं म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांना मधलाच तुकडा दिसतो.

निर्णय घेऊन घेऊन इच्छाशक्तीची टाकी रिकामी होते असंही खूप जण सांगतात, पण 2016 मध्ये वीसहून जास्त प्रयोगशाळांनी मिळून इच्छाशक्ती अशी वापरून संपते का हे तपासलं तर तसा परिणाम जवळपास दिसलाच नाही, त्यामुळे मी ते म्हणणार नाही. मला दमवतं ते एकटीनं ठरवणं.

माणूस निर्णय कसे घेतो याचा अभ्यास करणाऱ्या हर्बर्ट सायमन यांनी 1956 मध्ये मांडलं होतं की माणूस सगळे पर्याय तपासून सर्वात उत्तम ते काढत बसत नाही, बसूही शकत नाही, ‘एवढं असलं की पुरे’ अशी एक रेघ ठरवतो आणि त्यात बसणारं पहिलं सापडलं की थांबतो. पण ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्याची रेघ कुठे आहे ते कळणार कसं? मग समोरची व्यक्ती शोधतच राहते, कारण उद्या कोण कशावरून बोलेल याचा भरवसा नसतो. त्यापेक्षा ‘मला एवढी एकच गोष्ट नको, बाकी तू बघ’ असं जरी सांगितलं तरी अर्धं ओझं उतरतं.

पुढच्या महिन्यात बाबांची पुन्हा तपासणी आहे, कदाचित परत काहीतरी ठरवावं लागेल. मी दोघांनाही मेसेज टाकलाय की रविवारपर्यंत आपापलं मत कारणासकट लिहून पाठवा, मीही माझं लिहितेय, आणि निकाल काहीही लागला तरी तिघांचे मेसेज डिलीट करायचे नाहीत. भावाचं आलंय, दोनच ओळी आहेत, पण आलंय.

आपली,
एक वाचक