गृहमंत्री साहेब, थांबवायचं तर सही करून थांबवा

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
नाशिकहून नमस्कार.

आधी हे पत्र सांस्कृतिक खात्याला लिहिणार होतो, पण त्यांचं काम त्यांनी केलंय, आमच्या एकांकिकेच्या प्रयोगाची गाडी अडकलीये ती तुमच्या खात्यात, पोलिसांकडे, म्हणून तुम्हाला लिहितोय.

आमचा हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप आहे. कोणी सातपूरला कंपनीत, कोणी बँकेत, कोणी क्लास घेतं, आणि संध्याकाळी सगळे मिळून तालमी. एकांकिका मी लिहिलीये. गोष्ट अशी की राम, सीता आणि लक्ष्मण पंचवटीत परत येतात, तेही ऐन सिंहस्थात, आणि भाड्याने खोली शोधतात. घरमालक विचारतो फॅमिली की बॅचलर, आता लक्ष्मणाची बायको सोबत नाही म्हणजे तो बॅचलर, तिथे पहिलं घोडं अडतं. मग डिपॉझिट, मग आधार कार्ड, आणि मग अगदी हळूच, "आडनाव काय म्हणालात?" रामाला आडनाव नाही. तो गप्प उभा राहतो आणि सीता वैतागून म्हणते, "अहो, गावभर तुमच्या नावाच्या पाट्या आणि जागा तेवढी आपल्यालाच नाही." माझी आत्या रोज काळारामाला जाणारी बाई, तिने तालमीत हे ऐकलं आणि म्हणाली सीता बरोबरच बोलतेय, भाडेकरूंचे हाल तुम्हाला काय माहीत.

संहिता रीतसर मुंबईला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली, त्यांनी दोन शब्द गाळायला सांगितले, गाळले (का गाळायचे ते अजून कळलेलं नाही, असो), प्रमाणपत्र आलं. हे मंडळ सांस्कृतिक खात्याचं, तुमच्याच सरकारचं. म्हणजे राज्य सरकारने वाचून, तपासून, शिक्का मारून सांगितलं की हा प्रयोग करायला हरकत नाही. हॉल बुक केला, पैसे भरले, पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी हॉलच्या मॅनेजरचा फोन, की वरून फोन आलाय, जरा ठाण्यात जाऊन या. गेलो. साहेब चांगले होते, खोटं कशाला बोलू, चहा पाजला. तक्रार आलीये म्हणाले. संहिता वाचून? नाही, पोस्टर बघून. पोस्टरवर काय आहे, तर धनुष्य खांद्याला लावलेला माणूस 'टू लेट'च्या (भाड्याने देणे आहे) पाटीखाली उभा आहे. मी प्रमाणपत्र दाखवलं, ते म्हणाले हे ठीके हो, पण वातावरण तुम्ही बघताय ना. मग मला एक नोटीस दिली, आपण सगळे जिला अजून १४९ ची नोटीस म्हणतो ती, नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १६८, की काही गडबड झाली तर जबाबदार तुम्ही. गडबड करणार असं सांगून गेलेल्यांना नोटीस दिली का विचारलं तर हसले. मी म्हटलं मग प्रयोग थांबवताय असं लेखी द्या. तर म्हणतात, "आम्ही कुठे थांबवतोय? तुम्हीच समजून घ्या." संध्याकाळी हॉलवाल्यांचा मेसेज आला, मेंटेनन्समुळे तारीख रद्द.

साहेब, आता तुमच्या रेकॉर्डवर बघा काय दिसतं ते. बंदी नाही, हुकूम नाही, गुन्हा नाही, हॉलचं मेंटेनन्स आहे. मी हायकोर्टात जायचं म्हटलं तर कशाच्या विरोधात जाऊ, मेंटेनन्सच्या?

माझं म्हणणं एवढंच आहे. बंदी घालूच नका असं मी म्हणत नाहीये, तो अधिकार कायद्याने सरकारला कुठेकुठे दिलाय आणि तो कधी वापरायचा यावर भांडता येईल. पण थांबवायचं तर कागदावर थांबवा, खाली कोणाची तरी सही असू द्या, कारण लिहा, म्हणजे ते कारण आम्हाला कोर्टात तपासून घेता येईल. इंग्रजांना आपण शिव्या देतो, द्यायलाच पाहिजेत, पण याच नाशकात १९०९ च्या डिसेंबरात विजयानंद थिएटरात नाटक चालू असताना कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, सरकार हादरलं, आणि पुढच्याच महिन्यात खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर बंदी आली, तर ती १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याचं नाव घेऊन आली. मॅनेजरला फोन करून नाही. परकं सरकार होतं तरी आपण बंदी घालतोय हे सांगायची त्यांना लाज नव्हती.

आणि कागदाचं महत्त्व बघा. १९८८ साली केंद्राने सलमान रश्दींच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस' कादंबरीची आयात बंद केली, त्यावर छत्तीस वर्षं देशभर वाद झाला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात दिल्ली हायकोर्टासमोर काय आलं, तर ती अधिसूचनाच कुणाला सापडत नाही! शेवटी कोर्ट म्हणालं की ती नाहीच असं धरून चालू. जिथे कागद काढला होता तिथे ही गत, तर जिथे कागदच नाही तिथे आमच्यासारख्यांनी काय शोधायचं.

भावनांबद्दल बोलायचं टाळत नाहीये. भावना दुखावतात, खरंच दुखावतात, सगळेच काही राजकारणासाठी बोंबलत नाहीत. आनंद यादवांच्या तुकोबांवरच्या कादंबरीच्या वेळी वारकऱ्यांना जे वाटलं ते नाटक नव्हतं, रोज ज्याचे अभंग तोंडात आहेत त्याच्याबद्दल कोणी मनाने रचून लिहिलं तर लागतंच. पण शेवट काय झाला? कादंबरी मागे घेतली, माफी मागितली, तरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या यादवांना राजीनामा द्यावा लागला आणि २००९ चं महाबळेश्वरचं संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. त्यांना उत्तर द्यायला वारकऱ्यांकडे कीर्तनाचा फड होता की, गावोगाव होता, आणि त्यांच्यासमोर कुठलाही कादंबरीकार काय टिकला असता.

कारण आपल्याकडे देवाशी भांडायची रीत जुनीच आहे. जनाबाई विठ्ठलाला 'मूळ मायेच्या कारट्या' म्हणते आणि त्यापुढे जे म्हणते ते मी इथे लिहिलं तर तुमचं खातं मलाच नोटीस देईल. एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघं एकमेकांच्या धर्माची यथेच्छ टिंगल करतात आणि शेवटी गळ्यात गळा घालतात. पेठ-सुरगाण्याकडे बोहाड्यात गावातली माणसं देवांचे लाकडी मुखवटे चढवून रात्रभर नाचतात, गर्दीतून टोमणेही येतात, तिथे कोणी प्रमाणपत्र मागत नाही. हे सगळं करणारी माणसं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त भाविक.

आणि हे फक्त एकाच बाजूचं आहे असंही नाही. मालेगावचा माझा एक मित्र उर्दूत अफसाने लिहितो, त्याने एका गोष्टीतलं मौलवीचं पात्र काढून तिथे शाळामास्तर टाकला, गोष्ट मेली, पण म्हणतो माझं घर गल्लीत आहे, तुझं फ्लॅटमध्ये. त्याला तर कुणी फोनही केला नव्हता.

कायदा खरं तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जुन्या दंड संहितेचं २९५-अ, आता भारतीय न्याय संहितेचं २९९, त्यात नुसत्या भावना दुखावून भागत नाही, मुद्दाम आणि दुष्ट हेतूने धर्माचा अपमान केलेला असावा लागतो, आणि सरकारची मंजुरी असल्याशिवाय कोर्ट त्याची दखलही घेऊ शकत नाही. शब्दांचा परिणाम कोणाच्या नजरेने मोजायचा हे आपल्या नागपूर हायकोर्टाने १९४६ मध्येच सांगितलंय, खंबीर, समजूतदार माणसाच्या, ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो त्याच्या नाही. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढींच्या, एका कवितेवरून झालेल्या केसमध्ये तेच परत सांगितलं आणि वर हेही सांगितलं की अशा प्रकरणात गुन्हा नोंदवायच्या आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करणं योग्य. आणि जमाव येईल, दंगा होईल या भीतीने अभिव्यक्ती दाबता येणार नाही, बंदोबस्त देणं सरकारचं काम आहे, हे तर सुप्रीम कोर्टाच्याच एस. रंगराजन खटल्यात १९८९ सालीच ठरलंय. म्हणजे ठाण्यातल्या साहेबांनी मला जे सांगितलं ते बरोबर उलटं होतं, पण मी त्यांना दोष देत नाही, उद्या काही झालं तर बदली त्यांचीच होणार, आणि हॉलवाल्यांना असे फोन करू नका असं सांगणारा एकही कागद त्यांच्या हातात नाही.

तो कागद तुम्ही द्या. एका पानाचं परिपत्रक पुरे. सरकारच्या मंडळाचं प्रमाणपत्र असलेला प्रयोग थांबवायचा असेल तर सहायक आयुक्त किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने कारणासह लेखी आदेश काढावा आणि त्याची प्रत लेखकाला द्यावी. हॉलवाल्यांना तोंडी सूचना देऊ नये. तक्रारदाराने काय वाचलं, काय पाहिलं हे तक्रारीत लिहून घ्यावं. नोटीस द्यायचीच तर धमकी देणाऱ्याला आधी द्यावी. यात नवा कायदा लागत नाही, विधानसभेत जायला लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

घाई एवढ्यासाठी की सिंहस्थ तोंडावर आलाय, आणि 'सध्या वातावरण संवेदनशील आहे' हे वाक्य आता पुढची दोनेक वर्षं नाशकातल्या प्रत्येक नाटकवाल्याला ऐकायला मिळणार. हे तेच पंचवटी आहे जिथे २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि तेव्हा दरवाजे लावून आत बसलेल्यांच्याही भावनाच दुखावल्या होत्या. सरकारने त्या वेळी कोणाच्या भावना सांभाळल्या ते नाशिककरांना पाठ आहे. दर २७ फेब्रुवारीला तुमच्यापैकी कोणी ना कोणी मंत्री इथे कुसुमाग्रजांच्या फोटोला हार घालायला येतो, या, चांगलंच आहे, पण येताना हे परिपत्रक बॅगेत असलं तर हाराची गरज नाही.

आम्ही पुढच्या महिन्यासाठी दुसरा हॉल बघितलाय. प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडून ठाण्यात अर्ज या सोमवारी देतोय, पोच घेणार आहे, आणि बंदोबस्ताची मागणीही त्यातच लिहिली आहे. अर्जाची एक प्रत आपल्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवतोय.

आपला,
नाशिकचा एक एकांकिकावाला