दक्षिण कोरियातल्या देगू शहरातून, तुझ्या ‘बोअर नाही होत का’ला उत्तर

प्रिय पिंके,

तुझी ती लांबलचक व्हॉइस नोट ऐकली. भाषा धड येत नाही, आपलं माणूस नाही, बोअर नाही का गं होत, आणि के-ड्रामासारखं काही घडलं की नाही, असे तुझे दोन मुद्दे. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, काहीही घडलेलं नाही, पावसात छत्री घेऊन कोणी आलेलं नाही. पहिल्याचं जरा लांब आहे म्हणून टाइप करत बसलेय. वेळ भरपूर आहे, मुलांना सुट्टी लागलीय पण आम्ही ऑफिसात येऊन बसायचं, इथले फॉरेन टीचर याला डेस्क वॉर्मिंग म्हणतात, म्हणजे खुर्ची गरम करायची आणि पगार घ्यायचा. आपल्या बी.एड.च्या मॅडमना सांगू नकोस.

आणि हो, तू सगळ्यांना सांगतेस तसं मी क्लासेसमध्ये शिकवत नाही, सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. इंग्लिश शिकवायचा व्हिसा तसा सातच देशांच्या लोकांना मिळतो, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा असे. आपल्याला दार उघडलं ते 2010 पासून लागू झालेल्या सेपा या भारत-कोरिया व्यापारी करारामुळे, त्यात टीचिंगची डिग्री असलेल्या भारतीयांना शाळेत असिस्टंट टीचर म्हणून येता येतं. म्हणजे ज्या बी.एड.ला आपण दोन वर्षं शिव्या घातल्या तीच शेवटी कामाला आली बघ.

माझा दिवसातला सगळ्यात आवडता तास कुठला सांगू, जेवणाचा. खणांचं स्टीलचं ताट, भात, सूप, किमची म्हणजे आंबवलेली तिखट भाजी, एखादी साधी भाजी, एखादं मटण-मासळीचं काहीतरी, आणि पहिलीच्या पोरापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना तेच, एकाच हॉलमध्ये. पोरांना फुकट, आमच्या पगारातून पैसे कापतात, पण बाहेर जेवण्यापेक्षा स्वस्तच पडतं. बऱ्याच शाळांत बुधवार हा ताट चाटूनपुसून साफ करायचा वार असतो, म्हणून त्या दिवशी मेन्यू मुद्दाम पोरांच्या आवडीचा ठेवतात, पोर्क कटलेट नाहीतर स्पॅगेटी. महिन्याचा मेन्यू आधीच छापून येतो. माझ्या चौथीच्या पोरांना अजून अ‍ॅन कुठे आणि द कुठे कळत नाही पण पुढच्या बुधवारी काय आहे ते झोपेत पण सांगतील. एखादा दह्याचा कप उरला की तो कोणाचा, तर लगेच गावी-बावी-बो, म्हणजे आपलं रॉक पेपर सिझर. हरलेला पोरगा एक शब्द बोलत नाही गं! फळा कोण पुसणार, पहिला नंबर कोणाचा, सगळ्याचा निकाल यावरच. या लोकांना कोर्ट कशाला लागतात मला कळत नाही.

बुधवारी पोरं लवकर सुटतात आणि मग शिक्षकांचं व्हॉलीबॉल. हसू नकोस, इथल्या प्राथमिक शाळांत हे फार सिरियस प्रकरण आहे, दुसऱ्या शाळांशी मॅच असते, एरवी कुजबुजत बोलणाऱ्या लायब्ररीच्या बाई नेटजवळ अशा काही ओरडतात की बास. मी सर्व्हिस नेटपलीकडे टाकली तरी टाळ्या. नंतर सगळे मिळून चिकन आणि बिअर, याला चिमेक म्हणतात, देगूचा तर तो अभिमानच आहे, 2013 पासून उन्हाळ्यात त्याचा फेस्टिव्हल भरतो. मोठ्यांना दोन हातांनी ओतून द्यायचं आणि आपण पिताना तोंड बाजूला वळवायचं, मी तर स्प्राइट पिताना पण वळवते आता, सवय.

उन्हाळ्याचं नाव काढलं म्हणून, देगूला कोरियन लोक देफ्रिका म्हणतात, आफ्रिकेइतकं गरम म्हणून. 1942 मध्ये 40 अंश झालं होतं, तो देशाचा रेकॉर्ड 2018 पर्यंत टिकला म्हणे. चंद्रपूरच्या तुझ्या मावशीला सांग, पोट धरून हसेल. दमटपणा मात्र जीव काढतो, ते मान्य.

शाळेतून घरी मी तीन नंबरच्या लाइनने येते, ती मोनोरेल आहे, रस्त्याच्या वरून जाते. बिल्डिंग जवळ आली की डब्याच्या काचा आपोआप दुधाळ होतात, लोकांच्या घरात दिसू नये म्हणून, आणि बिल्डिंग संपली की परत स्वच्छ. पहिले काही दिवस मी फक्त यासाठी खिडकीशी बसायचे, अजूनही बसते, खोटं कशाला बोलू.

पण खरी मजा रविवारी. पालगोंगसान म्हणून डोंगर आहे, 2023 च्या शेवटी नॅशनल पार्क झाला. वर गातबावी, म्हणजे बसलेला दगडी बुद्ध आणि डोक्यावर टोपीसारखी एक सपाट शिळा. मनापासून मागितलं तर आयुष्यात एक इच्छा पूर्ण करतो असं मानतात, आणि ती टोपी पदवीदानाच्या टोपीसारखी दिसते म्हणून परीक्षेसाठी तर खासच. नोव्हेंबरात बारावीवाल्यांची सुनुंग, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा असते, त्याच्या आधी आया इथे मॅट टाकून नमस्कारावर नमस्कार घालत असतात, शेजारी पोराचा फोटो. चढ नुसता पायऱ्यांचा, मी धापा टाकत असते आणि साठी उलटलेल्या आज्या रंगीत जॅकेट घालून मला ओव्हरटेक करतात, वर थांबून काकडी देतात, खा म्हणतात, लग्न झालंय का विचारतात. एवढं कोरियन मला कळतं. अगदी आपल्या जोतिबाच्या डोंगरावर आल्यासारखं वाटतं, फक्त गुलाल नाही.

त्या परीक्षेच्या दिवशी सरकारी ऑफिसं उशिरा उघडतात म्हणजे ट्रॅफिक नको, उशीर झालेल्या पोरांना पोलीस गाडीतून सोडतात, आणि इंग्लिशचं लिसनिंग चालू असताना 35 मिनिटं देशभर विमानं उतरत नाहीत की उडत नाहीत. माझ्या विषयासाठी विमानं थांबवतात, पिंके! कॉलर ताठ झाली.

याची दुसरी बाजू मात्र मला अजिबात आवडत नाही. शाळा सुटली की गेटवर खासगी क्लासेसच्या पिवळ्या व्हॅन उभ्याच, तायक्वांदो, मग मॅथ्स, मग परत इंग्लिश, माझ्या वर्गात जांभया देणारा पोरगा आदल्या रात्री कुठे होता ते मला माहीत असतं. आपण लातूर पॅटर्नची चेष्टा करायचो, इथे तो दहा-अकरा वर्षांच्या पोरांपासून चालू आहे. म्हणून माझ्या तासाला मी होमवर्क देत नाही, को-टीचर बाई पण काही बोलत नाहीत, बहुतेक त्यांनाही बरंच वाटतं. शिक्षक दिन इथे 15 मेला, आणि 2016 पासून लागू झालेल्या लाचविरोधी कायद्यामुळे पोरांकडून साधं चॉकलेट पण घ्यायचं नाही, फक्त हाताने लिहिलेलं कार्ड चालतं. एका पोराने लिहिलं, टीचर, यू आर नो होमवर्क. फ्रिजवर लावलंय.

तर नाही गं, बोअर नाही होत. एकटं वाटतं कधीकधी, गणपतीत तर फारच वाटलं, पण बोअर नाही.

तू मार्चच्या शेवटी नाहीतर एप्रिलच्या अगदी सुरुवातीला ये, चेरीची झाडं फुललेली असतात, सोलहून बुलेट ट्रेनने दोन तासांच्या आत देगू. व्हिसाचं लवकर बघ. येताना भडंग आण, दोन पाकिटं जास्त, लायब्ररीच्या बाईंना पाहिजे. आणि मी काँट्रॅक्ट अजून एक वर्ष वाढवलंय, आईला सांगितलेलं नाही, ती बाजारात भेटली तर तू तोंड उघडू नकोस.

तुझीच,
सुमी