नावं विचारणाऱ्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,

सादर नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं पाकीट काल आईच्या हातात दिलं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तुमचे आभार समोर बसून मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय हो तायी" म्हणता आणि चहाचं आधण ठेवायला उठता, म्हणून चार लोकांना दिसेल असं इथे लिहिते आहे. तुमचं नाव लिहायचं नाही ही तुमचीच अट आहे आणि ती मी पाळणार आहे. पण तुम्ही जे केलंत ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. माझे वडील निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. आई त्याच वखारीत चाळणीवर काम करायची. वडिलांना कात्रणांचं वेड होतं. वखारीतल्या जुन्या खतावण्यांची कोरी पानं उरायची, त्या लाल कापडी बांधणीच्या वह्या ते घरी आणायचे आणि गव्हाच्या खळीने त्यांत कात्रणं, फोटो, हँडबिलं, लग्नपत्रिका, जत्रेच्या पावत्या डकवायचे. आजोबांकडून आलेलं, १९४६ च्या मे महिन्यातलं एक कात्रण त्यात होतं. बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला त्याची ती बातमी, कागद चहाच्या रंगाचा झालेला. पुढे १९५६ च्या १ नोव्हेंबरला आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, मग सीमावादावरचा महाजन आयोग आला, १९८६ ची कन्नडसक्तीविरोधी चळवळ झाली, सगळं त्या वह्यांत आहे. आणि १९८१ ची तर एक पूर्ण वही आहे. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी पुणे-बंगळूर हायवेवर बसले, रस्त्यावरच आंदोलननगर उभं राहिलं आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. त्या वहीत वडिलांनी मधे दोन पानं कोरी ठेवली आहेत. का ठेवली ते आम्ही कधी विचारलं नाही.

या वह्यांचं काय काय झालं तेही तुम्हाला माहीत आहे, मास्तर, पण लिहितेच. वडील होते तेव्हाची गोष्ट. एका संस्थेला स्मरणिका काढायची होती. दोन माणसं घरी आली, चहा घेतला, "दिवाणजी, हा तर खजिना आहे" म्हणाली आणि एक वही घेऊन गेली. वडील महिनोन् महिने वाट बघत राहिले. वही परत आली तेव्हा पानांचे कोपरे फाटलेले होते, काही फोटो जागेवर नव्हते आणि राहिलेल्यांच्या तोंडावर बॉलपेनने आकडे टाकलेले होते. छपाईसाठी खूण केली होती म्हणे. त्या वहीत वखारीच्या आवारातला एक फोटो होता. १९८० च्या सुमारास वखारीतल्या बायका संघटना बांधू लागल्या होत्या, तेव्हाचा. मधे एक पाहुणे आणि दोन्ही बाजूंना कामावरून तशाच उठून आलेल्या बायका. स्मरणिकेत तो छापला, पण पाहुणे तेवढे ठेवले आणि बायका दोन्हीकडून कापल्या. एकीचा नुसता खांदा शिल्लक राहिला होता. तो खांदा माझ्या आईचा होता.

वडील काही बोलले नाहीत. त्यांनी वही कपड्यात बांधून फडताळात वर ठेवून दिली आणि त्यानंतर एकही कात्रण चिकटवलं नाही.

ते गेल्यावर मी दारोदार फिरले. एका कार्यालयात सांगितलं, हे खाजगी कागद आहेत, यांची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची? एका दुकानात म्हणाले, लॅमिनेशन करून देतो, शंभर वर्षं काही होणार नाही. नशीब, तेव्हा पैसे जवळ नव्हते. एकदा लॅमिनेशन झालं की प्लॅस्टिक काढायला गेल्यावर फोटोचा थरच निघून येतो, हे मला नंतर तुमच्याकडून कळलं. आणखी एका मोठ्या माणसाने वही चाळली, पुढाऱ्यांचे फोटो मोबाईलमध्ये घेतले आणि बाकीचं "घरगुती आहे" म्हणून बाजूला सारलं. मला आजही त्या माणसांचा राग येतो. तो गिळून टाकावा असंही मला वाटत नाही.

मग कुणीतरी तुमचं सांगितलं. चिकोडीकडचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत, कन्नड शाळेत होते, जुने कागद बघतात, पैसे घेत नाहीत.

तुम्ही फोटोंचं काय केलंत, कसे स्कॅन केलेत, कसरीनं खाल्लेली पानं कशी सोडवलीत, ते सगळं इथे मांडत बसत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. आईला घेऊन आम्ही आलो तेव्हा तुम्ही आधी साबणाने हात धुतलेत, पुसून पूर्ण कोरडे केलेत आणि टेबलावर पांढरं धोतर अंथरलंत. वखारीचा फोटो कडेने धरून उचललात आणि पहिल्यांदा उलटा केलात. आजवर त्या फोटोची पाठ कुणीही बघितली नव्हती. तिथे स्टुडिओचा पुसट शिक्का होता, बाकी काही नव्हतं. नाव नाही, तारीख नाही. तुम्ही थोडा वेळ त्या कोऱ्या पाठीकडे बघत राहिलात. मग उठलात, स्वतःची खुर्ची आईच्या मागे सरकवलीत आणि म्हणालात,

"अव्वा, बसा हितं. ह्यातल्या बाया कोण कोण हाईत, सांगा बघू मला."

आई म्हणाली, "तोंडं झाकल्यात की मास्तर सगळ्यांची."

आणि खरंच होतं ते. तंबाखूचा खकाणा नाकातोंडात जाऊ नये म्हणून वखारीतल्या बायका पदर नाकावरून घट्ट आवळून घेतात. फोटोसाठी हाक मारली तेव्हा त्या तशाच येऊन उभ्या राहिल्या असणार. मागे तंबाखूच्या बोदांची थप्पी आणि पुढे ही रांग. दिसतात ते फक्त डोळे, कपाळावरचं कुंकू आणि हात.

तुम्ही म्हणालात, "डोळं दिसत्यात न्हवं? सावकाश बघा. मला घाई न्हाई."

आई चष्मा पुसून बसली. तुम्ही पेन्सिल घेऊन तिच्या शेजारी स्टुलावर बसलात. आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. आईने एकीला पदर खोचण्याच्या पद्धतीवरून ओळखलं. एकीला मनगटावरच्या भाजल्याच्या डागावरून. एक पाय दुमडून उभी होती, "ही अशीच उभी राहायची, चाळणीवर बी अशीच," म्हणून आई हसली, आणि ती बाई कशी गेली ते सांगताना तिचा आवाज बसला. तुम्ही एकदाही घाई केली नाहीत. प्रत्येकीला "सासरचं नाव का म्हायेरचं? गाव कुठलं?" असं विचारत राहिलात. कोणी जत्राटची, कोणी अकोळची, कोणी सौंदलग्याहून चालत यायची. तुम्ही आधी वेगळ्या कागदावर उतरवून घेतलंत, आईला वाचून दाखवलंत, तिने "न्हाई, तिचं नाव असं न्हवं" म्हटलं की खोडून तिच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलंत. नंतर फोटोच्या पाठीवर, अगदी कडेला, मऊ पेन्सिलने हलक्या हाताने, डावीकडून क्रमाने. बॉलपेन का नाही म्हणून मी विचारलं तर म्हणालात, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पुढे मागे फुटते.

एक नाव आईला आठवेना. ती फार कष्टी झाली. तुम्ही त्या जागी एक बारीक रेघ ओढलीत आणि म्हणालात, "ही जागा तिची. दुसऱ्या कुणाला देत न्हाई. आठवलं की फोन करा."

आईला नाव आठवलं ते रात्री. तुम्हाला झोपेतून उठवलं. तुम्ही दिवा लावून, कागद काढून, ते नाव फोनवरच लिहून घेतलंत आणि तिला परत म्हणून दाखवलंत.

आईला लिहिता-वाचता येत नाही, मास्तर. सही म्हणजे अंगठा. काल पाकिटातून तो फोटो निघाला तेव्हा तिने आधी पाठ बघितली. तुमच्या पेन्सिलीच्या अक्षरावर बोट ठेवून मला म्हणाली, वाच. मी वाचलं. म्हणाली, परत वाच. ती सगळी नावं मी इथे देत नाही, त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते बरं नाही. त्यातल्या एकीच्या नातीला मात्र मी कळवलं. ती आज सकाळीच आली. तिच्या घरात आजीचा एकही फोटो नव्हता. पदराआडचे दोन डोळे बघून ती म्हणाली, "माझ्या आत्याचे डोळे आहेत हे." तुम्ही दिलेल्या प्रतींपैकी एक तिला दिली. चालेल ना?

आपल्या भागात इतिहास कमी नाही. गांधीजी काँग्रेसच्या ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष होते ते १९२४ साली बेळगावात झालं. त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बहिष्कृत परिषदेसाठी आमच्या निपाणीत आले. दोन्हींची शंभरी होऊन गेली. हे सगळं जपलं पाहिजेच, आणि थोरांचे फोटो कुणी ना कुणी जपतंच. पण त्या मांडवात खाली बसलेली, परिषदेला गावोगावाहून भाकरी बांधून आलेली माणसं कोण होती, हे विचारायला त्या काळात कुणी पेन्सिल घेऊन शेजारी बसलं असतं तर आज आपल्याकडे किती असतं! ज्यांना ती नावं ठाऊक होती ते सगळे आता गेले. वखारीच्या फोटोतल्या बायकांपैकी आज फक्त माझी आई हयात आहे. तुम्ही आणखी काही वर्षांनी भेटला असता तर तो फोटो उरला असता आणि बायका गेल्या असत्या.

आणखी एक सांगायचं आहे आणि ते सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. वडिलांच्या वह्यांत सीमालढ्याची कात्रणं आहेत. कर्नाटक सरकारवर जळजळीत लिहिलेले अग्रलेख आहेत, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची हँडबिलं आहेत. तुमची मायबोली कन्नड. त्या दिवशी तुमच्या गावात राज्योत्सवाचा झेंडा लागतो आणि आमच्याकडे दंडाला काळी फीत. तो वाद खरा आहे आणि माझं मत वडिलांचंच आहे, ते तुम्हालाही माहीत आहे. पण तुम्ही त्यातला एक चिटोरा वगळला नाहीत. सगळ्यांत जास्त फाटलेलं हँडबिल जोडायला तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ दिलात. मी संकोचून काही बोलायला गेले तर म्हणालात, "तुमच्या आप्पांनी जपलंय, मी कोण निवडणार?" एवढं मोठं मन आमच्या बाजूच्या, आमच्याच भाषेच्या, व्यासपीठांवरून आमच्याच नावाने बोलणाऱ्या त्या माणसांकडे नव्हतं. सभ्यपणा भाषा बघून येत नाही हे ऐकत आले होते, तुमच्या टेबलाशी बसून ते बघितलं. बाजारात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत आपल्या सीमाभागात असा सभ्यपणा रोज घडतो. मराठी म्हातारीला कन्नड फॉर्म भरून देणारा पोरगा असतो, कन्नड शेतकऱ्याला मराठी पावती वाचून दाखवणारा हमाल असतो. त्यांची बातमी होत नाही, म्हणून वडिलांच्या वहीतही ते नाहीत. तुम्हाला लिहिलेलं हे पत्र मी त्या वहीत लावणार आहे. खळीने नाही, तुम्ही दाखवलंत तसे कागदी कोपरे करून.

तुम्ही सांगितलेलं सगळं पाळते आहे. वह्या कौलाखालच्या माळ्यावरून काढून आतल्या खोलीतल्या कपाटात आडव्या ठेवल्या आहेत. वर्तमानपत्राचं कात्रण आणि फोटो समोरासमोर येतील तिथे मधे तुम्ही दिलेला कागद घातला आहे. सेलोटेप घरात ठेवलाच नाही. पावसाळ्यात दमट हवेत वह्या उघडायच्या नाहीत, हेही सगळ्यांना बजावलं आहे. देवघरातला काचेला चिकटलेला आजोबांचा फोटो कुणी काचेपासून सोडवू नये म्हणून त्याच्या मागे तुमच्या सूचनेची चिठ्ठी लावली आहे.

आता एक विनंती. आईच्या माहेरी, बेनाडीला, मामांच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तीत फोटो आहेत, मोडी लिपीतले काही कागद आहेत आणि बरंच काय काय आहे. मामा पंच्याऐंशीच्या पुढचे आहेत, पण नावं त्यांना तोंडपाठ आहेत. दिवाळी झाली की पेटी आणि मामा दोघांनाही घेऊन येऊ का? आईने विचारलं आहे, तुम्हाला कांदाभाकरी आवडते की शेंगापोळी. दोन्ही घेऊनच येणार असं तिने ठरवलेलं आहे, विचारते आपली रीत म्हणून. येताना पेन्सिलीही आणते, तुमची अगदी बोटभर उरली होती.

तुमची,
वखारीतल्या एका बाईची मुलगी
निपाणी