दोरीचा फोन कोपऱ्यावरून वळवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

सातवीला ध्वनी आणि संदेशवहनाचा प्रकल्प दरवर्षी असतो. दोन कागदी कप, मध्ये दोरी, पाच मिनिटं ‘हॅलो हॅलो’, की झाला प्रकल्प! यंदा तसं झालं नाही ते तुमच्यामुळे. आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला माणूस भाषण देईल असं मुलांनी गृहीत धरलं होतं. तुम्ही सरळ जमिनीवर बसकण मारलीत.

“नीट ऐकू येतंय,” असं एक मुलगी म्हणाली, तर तुम्ही विचारलंत, “नीट म्हणजे किती?” इथून खरा प्रकल्प सुरू झाला. एकाने शब्द वाचायचे, पलीकडच्याने ऐकून लिहायचे, दहापैकी किती जुळले ते मांडायचं. दोरी बदलायची तर कप तोच, कप बदलायचा तर दोरी तीच. मुलांची भांडणं आकड्यांवर मिटताना मी पहिल्यांदा पाहिली.

‘सोडा’चं ‘फोडा’ झालं तेव्हा वर्ग खो खो हसला. तुम्ही मात्र तेच धरून ठेवलंत. स आणि फ यांच्यातला फरक मुख्यतः उंच कंप्रतांमध्ये, म्हणजे सेकंदाला खूप वेळा होणाऱ्या कंपनांमध्ये असतो. कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) ऐकतो, पण साध्या टेलिफोनची लाइन 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा नेते. म्हणून तर फोनवर नाव सांगताना ‘फुलातला फ’ म्हणावं लागतं! हे मी इतकी वर्षं विज्ञान शिकवूनही कधी जोडून पाहिलं नव्हतं.

मग कोपरा. दोरी भिंतीच्या कडेला टेकली की आवाज गप्प, कारण कंपनं भिंतीत जिरतात. उत्तर तुम्हाला ठाऊक होतं, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी बोलला नाहीत. शेवटी एका गटाने दोऱ्याची कडी करून दोरी तिच्यातून ओवली आणि कडी बाहेरच्या बाजूला ताणून बांधली. दोरी कडेपासून सुटली, ताण राहिला, शब्द पोचले. त्या गप्प बसण्याबद्दल तुमचे विशेष आभार. मला ते जमलं नसतं.

दोन जुने स्पीकर नुसत्या वायरने जोडून, बॅटरीशिवाय बोलून दाखवलंत, तेव्हा मुलं टेबलाखाली सेल शोधत होती. आवाजाने पडदा हलतो, त्याला चिकटलेलं वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि वीज तयार होते. पलीकडे तेच उलट. 1877 मधल्या ग्रॅहॅम बेलच्या फोनलाही बोलण्यासाठी बॅटरी लागत नव्हती, हे सांगितल्यावरच शोध थांबला.

ते स्पीकर अजून आमच्याकडेच आहेत. परत हवे असतील तर कळवा. नसतील, तर आठवीवाल्यांनी ते आधीच मागून ठेवलेत. वायर किती लांब नेली की शब्द चुकायला लागतात, ते त्यांना मोजायचंय.

आपली,
सातवीच्या विज्ञानाच्या बाई