आजीची लाखोली आणि लाख कोटी

चि. केदारला अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, “बाबा, 2025-26चा अर्थसंकल्प 50 लाख 65 हजार कोटींचा, म्हणजे नक्की किती?” मी “खूप” म्हणून वेळ मारून नेली. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र.

मी सहावीत असताना तुझ्या आजीनं चातुर्मासात तांदळाची लाखोली वाहायचा नेम धरला होता. (दुसऱ्या लाखोलीचाही तिला सराव होता, पण ती शेजारणीसाठी.) रोज दुपारी ताटात कोलम पसरून ती अखंड दाणे निवडायची. शंभर झाले की डब्यात एक चिंचोका. दिवसाला आठशे-साडेआठशे दाणे, तेव्हा कुठं आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लाख भरले. एवढं करून ते तांदूळ दोन किलोसुद्धा नव्हते, आणि तिची पाठ मात्र धरली ती धरलीच. लाख म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तोवर ती नुसती पाच शून्यं होती.

आता त्याच हातानं पुढं मोजत जा. कोटीला शंभर चातुर्मास, म्हणजे आजी, पणजी आणि खापरपणजी. अब्जाला दहा हजार. लाख कोटीला एक कोटी चातुर्मास. इथं आजी पुरत नाही.

मग घड्याळ घे. लाख सेकंद म्हणजे एक दिवस आणि पावणेचार तास. कोटी सेकंद म्हणजे 116 दिवस, जवळजवळ आजीचा चातुर्मासच. अब्जाला पावणेबत्तीस वर्षं. आणि लाख कोटी सेकंद? सुमारे 31,700 वर्षं. तेवढा मागं गेलास तर तांदूळ पेरणारंसुद्धा कुणी भेटायचं नाही. बातम्यांत लाख, कोटी, लाख कोटी एका दमात येतात, म्हणून ते एकाच चाळीत राहतात असं वाटतं.

भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’त लाख कोटीला एकच शब्द आहे, महापद्म. ती यादी परार्धापर्यंत जाते, एकावर सतरा शून्यं. विश्वाचं वय सुमारे 1,380 कोटी वर्षं. सेकंदांत मांडून बघ, पाच परार्धही भरत नाहीत. मला हे फार आवडतं.

तुझा प्रश्न राहिलाच. ते 50 महापद्म रुपये देशातल्या सगळ्यांना वाटून टाक. माणशी वर्षाला 35 हजारांच्या आसपास येतात. आता यावर आपल्याला भांडता येईल. तुझी खोली आणि मेस त्याहून महाग आहे, हे जाता जाता.

चिंचोक्यांचा डबा अजून माळ्यावर आहे. काल काढून मोजले. हजार हवे होते, 1,003 भरले. चुकभूल धरून आजीनं तीनशे दाणे जास्तच वाहिलेले दिसतात.

तुझा,
बाबा