बर्फातली वाट पहाटेचीच

संपादक महोदय,

फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपुरातून उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर (सुमारे १२,५०० फूट) जाणारे गट जाडजूड जॅकेटांवर पैसे ओततात, पायांकडे मात्र दुर्लक्ष करतात. फुटाळा तलावाच्या फेऱ्यांनी दम वाढतो, बर्फ कळत नाही.

रात्री गोठलेला थर सकाळी वजन पेलतो. ऊन चढले की पाय गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून माथ्यासाठी पहाटे ३-४ ला निघून दुपारच्या आत उतरावे. पहाटे मात्र तुडवलेली वाट काचेसारखी टणक असते, तिथे मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे धातूचे दाते) हवेतच. पुढे बर्फ मऊ झाला की त्यांच्या दातांखाली गोळे चिकटतात आणि दात जमिनीला टेकतच नाहीत. काठीने बुटाच्या कडेवर ठोकून ते पाडत राहावे. गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचे आवरण) पँटवरून, बूट झाकतील असे बांधावेत. सुती मोजे अजिबात नकोत, भिजले की वाळत नाहीत. झाडांच्या बुंध्यांजवळ आणि खडकांलगत बर्फ आतून पोकळ असतो. विसाव्याला नेमके सगळे तिथेच टेकतात!

आयोजकांनी निघण्याआधी एखाद्या रविवारी सेमिनरी हिल्सवर गेटर-स्पाइक्स चढवण्याचा सराव हातमोजे घालूनच करून घ्यावा.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर